एका हाकेला दोन ओ

१

चहा यायच्या आधी ती रोज सगळ्यांना एकदा हाक मारून घ्यायची.

तोंडाने नाही. सिस्टरांच्या टेबलाशी बसून लॅपटॉप उघडायचा, एकेका खोलीतल्या बेलचा पत्ता टाकायचा, की डोळ्याचं पातं लवायच्या आत तिकडून उत्तर यायचं: आहे. पुढचा पत्ता. आहे. शेवटचा पत्ता कॉरिडॉरच्या टोकाच्या खोलीचा, बाबांचा. त्यांचं 'आहे' आलं की ती लॅपटॉप मिटायची आणि कपात बिस्किट बुडवायची.

ते शुश्रूषागृह म्हणजे एक लांबलचक कॉरिडॉर, त्याच्या एका अंगाला खोल्या आणि दुसऱ्या अंगाला कधीच पूर्ण न उघडणाऱ्या खिडक्या. इथे येणारे बहुतेक जण परत घरी जायचे नाहीत. जुन्या बेलच्या तारा केव्हाच गंजून गेल्या होत्या, म्हणून माणसं पाण्याचा पेला पलंगाच्या दांडीवर आपटून बोलावणं करायची. बाबांना तेवढंही जमण्यासारखं नव्हतं. अर्धांगवायूच्या झटक्याने त्यांची वाचा नेली, उजवी बाजू नेली आणि डाव्या हाताचा अंगठा तेवढा मागे ठेवला. घशात लाळ अडकली तर त्यांना खोकता यायचं नाही. कुणीतरी धावत येऊन मशीनने घसा मोकळा करेपर्यंत त्यांचा जीव त्या अंगठ्यात असायचा.

परदेशातलं शिक्षण, तिथली नोकरी, सगळं सोडून ती परत आली ती बाबांसाठी. पण नुसतं उशाशी बसून उसासे टाकणाऱ्यांतली ती नव्हती. आल्या आल्या तिने पदरमोड करून प्रत्येक पलंगाला बिनतारी बेलची एक छोटी पेटी बसवली आणि कर्मचाऱ्यांना जमवून सगळं समजावूनही सांगितलं.

"आयपी पत्ता म्हणजे दारावरची पाटी नाही. थिएटरमधल्या खुर्चीचा नंबर समजा. तुम्ही आत येता आणि दारावरच्या माणसाला म्हणता, मला जागा द्या. तो म्हणतो, बारा नंबर घ्या. तुम्ही बसून आहात तोवर बारा नंबर तुमचा. मधूनमधून तुम्हीच त्याला सांगायचं, मी आहे बरं का. सांगायचं थांबलात की खुर्ची दुसऱ्याला."

"आणि एका खुर्चीवर दोघं बसले तर?" पैलवानाने विचारलं. पैलवान म्हणजे तिथला वॉर्डबॉय. फुंकर मारली तर उडेल असा माणूस, म्हणून ते नाव.

"दोघांचा एकच नंबर असला की गोंधळ. हाक मारली तर जो आधी ओ देईल, तोच खरा ठरणार."

मोठ्या सिस्टर हाताची घडी घालून ऐकत होत्या. "आणि ज्याला खुर्चीच मिळाली नाही, तो?"

"तो दारात उभा. त्याला कुणी हाक मारू शकत नाही, आणि त्याची हाक कुणाला पोचत नाही." बोलता बोलता तिचा आवाज चढला. "म्हणून तर मी म्हणते सिस्टर, जगात प्रत्येकाला एक पत्ता हवा. ज्याला पत्ता नाही, तो असून नसल्यासारखा."

"छान बोलता हो ताई," सिस्टर म्हणाल्या. "आता चहा घ्या."

एके दिवशी नेहमीसारखी सगळी उत्तरं आली. मग बोटांच्या ओघात तिने आणखी एक पत्ता टाकला, बाबांच्या पुढचा. तो तिने शिल्लक ठेवला होता, पुढेमागे एखादा पलंग वाढला तर असावा म्हणून. अजून कुणालाच दिलेला नव्हता.

आहे, असं उत्तर आलं.

२

भूत म्हणून घाबरायला ती काही दुधखुळी नव्हती. कुणाचा तरी फोन असेल. कुणीतरी पासवर्ड घेतला असेल.

"माझा फोन बघा," पैलवान म्हणाला, "बटणांचा आहे. हा नेटवर गेला तर मी पेढे वाटीन."

स्वतःचा आणि सिस्टरांचा फोन, टेबलावरचा बेल दाखवणारा कॉम्प्युटर, औषधांच्या खोलीतला कॉम्प्युटर, प्रिंटर, सगळं तिने एकेक करून बंद केलं. दर वेळी टेबलाशी येऊन हाक मारायची. दर वेळी तिकडून उत्तर. शेवटी तिने बेलच्या पेट्यांच्या बॅटऱ्यासुद्धा काढल्या, आणि तेवढा वेळ पैलवानाला बाबांपाशी उभं केलं. नेटवर्कवर आता दोघंच उरले होते. तिचा लॅपटॉप, आणि दारावरच्या माणसासारखा पत्ते वाटणारा राउटर.

तिने हाक मारली.

आहे.

उत्तर उशिरा आलं असतं तरी तिला बरं वाटलं असतं. पण ते फार लवकर आलं होतं. शेजारच्या खोलीतल्या पेटीलाही याहून जास्त वेळ लागायचा. ती उठली आणि तिने टेबलाखाली वाकून बघितलं. तिथे सिस्टरांच्या चपला होत्या आणि धूळ होती.

"सापडलं का?" सिस्टरांनी वरून विचारलं.

"नाही. काहीतरी आहे, पण दिसत नाही."

"मग असू द्या की! एक जास्तच आहे ना, कमी तर नाही?" सिस्टर हसल्या. "इथे कमी व्हायची सवय आहे आम्हाला. जास्तीचं काय वाईट वाटायचं?"

३

दोन दिवसांनी ती पोचली तेव्हा सिस्टर टेबल सोडून कॉरिडॉरच्या मध्यावर उभ्या होत्या. हातात रबरी मोजे, पण घातलेले नाहीत.

"ताई, बेल वाजली."

"कुणाची?"

"तेच कळेना. स्क्रीनवर लाल झालं, पण खोलीचं नाव नाही. रिकामी ओळ."

तिने जाऊन बघितलं. शिल्लक पत्त्याची ओळ. त्या पत्त्यासमोर खोली लिहिलेलीच नव्हती, मग दिसणार काय?

"मग तुम्ही तिथे काय करताय?"

सिस्टरांनी खाली, स्वतःच्या पायांकडे पाहिलं. "बेल वाजली की पाय आपोआप निघतात हो. इतक्या वर्षांची सवय. निघाले, चालले, आणि इथे येऊन थांबले. इथे तर दार पण नाही."

दोघींनी भिंतीकडे पाहिलं. दोन खोल्यांच्या मधली साधी भिंत. रंगाचे पोपडे, एक जुना खिळा. एवढंच.

"पेटीत बिघाड असणार," ती म्हणाली. पण पेटी होतीच कुठे? हे तिच्याही लक्षात आलं, आणि ती बाबांच्या खोलीत गेली.

बाबा सुतार होते. घरामागच्या शेडमध्ये त्यांचं करवतीचं मशीन दिवसभर किंचाळत असायचं. मधूनच ते मशीनच्या वरताण आवाजात तिच्या नावाने हाक मारायचे. काम काहीच नसायचं. पोर पात्याच्या जवळ तर आली नाही ना, एवढंच त्यांना बघायचं असायचं. नियम एकच होता: आधी ओ द्यायची, मग यायचं. ओ आली नाही तर बाबा मशीन बंद करायचे, आणि त्या अचानक आलेल्या शांततेची तिला मशीनपेक्षा जास्त भीती वाटायची.

आता हाक मारायचं काम तिच्याकडे होतं आणि ओ द्यायचं काम त्यांच्या अंगठ्याकडे. तिने त्यांच्या तोंडाचा कोपरा पुसला. बाबांची नजर तिच्यावर होती, मग सरकत दाराकडे गेली, आणि तिथेच राहिली.

४

तिने सोपा उपाय केला. राउटर कुठून कुठपर्यंत पत्ते वाटणार, हे तिच्याच हातात होतं. तिने ती हद्द एका आकड्याने मागे घेतली. जितकी यंत्रं तितकेच पत्ते. शिल्लक काही ठेवलंच नाही. खुर्चीच नाही, तर बसणार कुठे?

हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. नाही.

"गेलं," तिने सिस्टरांना सांगितलं.

"कुठे?"

हा प्रश्न तिला मूर्खपणाचा वाटला. तरी नेटवर्कवर काय काय बोललं जातंय ते ऐकणारा प्रोग्रॅम तिने चालू केला. पेट्यांची नेहमीची कुजबुज होती: मी आहे, मी आहे. आणि त्या कुजबुजीत अधूनमधून एक वेगळी ओळ. नवीन आलेलं कोणतंही यंत्र सगळ्यात आधी जी ओळ म्हणतं, ती. त्याला अजून पत्ता नसतो, म्हणून ती कुणा एकाला उद्देशून म्हणता येत नाही. ती सगळ्यांना उद्देशून असते. कुणी आहे का? मला जागा द्या.

राउटर काही देत नव्हता. त्याच्याकडे जागा शिल्लकच नव्हती.

ओळ पुन्हा आली. यंत्रं जागा मागतात तेव्हा थोडा वेळ मागतात आणि दमतात. हे दमत नव्हतं. आवाज चढत नव्हता, घाई नव्हती. दारात उभ्या असलेल्या, दार उघडणार याची खात्री असलेल्या माणसासारखं ते मागत होतं.

तिने प्रोग्रॅम बंद केला. खिडकीबाहेर उजेड उतरत चालला होता, आणि कॉरिडॉरमधले दिवे अजून कुणी लावले नव्हते. प्रत्येकाला पत्ता हवा, असं आपण कुणासमोर म्हणालो होतो? सिस्टर होत्या, पैलवान होता. आणखी कोण ऐकत होतं?

मग तिला स्वतःचंच हसू आलं. ती स्क्रीनवरच्या एका ओळीच्या मनाची काळजी करत होती.

५

पैलवानाने बाबांना वाचवलं, तेही योगायोगाने. तो फरशी पुसायला खोलीत गेला तेव्हा बाबांचे ओठ निळे पडत चालले होते आणि अंगठा बटण दाबतच होता, दाबतच होता. त्याने आरडाओरडा केला, सिस्टर धावल्या, घसा मोकळा झाला.

ती त्या वेळी टेबलाशीच होती! बाबांच्या पत्त्यासमोर हिरवा दिवा होता. तिने नुकतीच हाक मारली होती, आणि 'आहे' आलं होतं.

"बेल वाजली नाही ताई," सिस्टर पहिल्यांदाच तिच्यावर चिडल्या होत्या. "तुमच्या मशीनपेक्षा तो पेला बरा होता. निदान ऐकू तरी यायचा."

"माझ्यासमोर हिरवं होतं सिस्टर. त्यांचं उत्तर येत होतं."

"त्यांचं?"

तिने पुन्हा पत्ता टाकला. एक हाक.

आहे.

आहे.

एका हाकेला दोन ओ. पहिली फार लवकर आलेली. दुसरी पहिलीच्या मागून, दबकत, नेहमीच्या पेटीची. काय झालं ते आता तिला समजलं, आणि समजल्याने काहीच बरं वाटलं नाही. या पेट्या स्वभावाने गरीब असतात. आपल्या पत्त्यावर आणखी कुणी बसलंय असं दिसलं, की भांडत नाहीत, हाकेला मागून ओ तेवढी देतात, स्वतःहून हाक मारायचं मात्र सोडून देतात. बाबांचा अंगठा खाली जात होता आणि पेटी गप्प होती. आणि टेबलावरून "आहात ना?" असं विचारलं की ते दुसरं कुणीतरी बाबांच्या वतीने सांगत होतं, आहे. सगळं ठीक आहे.

ती बाबांच्या खोलीत गेली, पेटीची बॅटरी काढून खिशात टाकली आणि तिथूनच फोनवरून त्या पत्त्याला हाक मारली.

आहे.

बाबा तिच्याकडे बघत नव्हते. ते तिच्या खांद्याच्या थोडं मागे बघत होते. ती वळली. मागे तिचीच खुर्ची होती, पाठीवर तिने टाकलेला राखाडी स्वेटर.

६

आधी तिने पेटीत बॅटरी परत घातली आणि हद्द पुन्हा वाढवली. एक सोडून पन्नास पत्ते मोकळे केले. घे, कुठलाही घे. त्याने एकही घेतला नाही. बाबांच्या पत्त्यावरून दोन ओ येतच राहिल्या.

तिने विचार केला आणि तिला ते पटलं, पटलं याचीच भीती वाटली. रिकाम्या जागेवर बसलं तर उठवतात, हे आपणच त्याला शिकवलं. भरलेल्या जागेवरून कुणी उठवत नाही.

"पेटीचा पत्ता बदला ना सरळ," पैलवान म्हणाला. त्या दिवसापासून तो बाबांच्या दारातून हलत नव्हता.

"बदलते. पण जुना पत्ता रिकामा झाला की ते पुन्हा शोधायला लागेल. पुन्हा कुणाच्या तरी शेजारी जाऊन बसेल."

"मग?"

"मग तो रिकामा ठेवायचा नाही. त्यावर मी बसते."

सिस्टरांनी मान वर केली. "म्हणजे?"

"बाबांच्या पेटीला नवा पत्ता. बाबांचा जुना पत्ता माझ्या लॅपटॉपला. जे काही आहे ते माझ्याबरोबर बसू दे. माझी हाक चुकली तर काय बिघडणार? मी काही आजारी नाही."

"असलं काही अंगावर घेऊ नये हो ताई," सिस्टर म्हणाल्या. आवाजात आता चीड नव्हती.

"सिस्टर, हा नुसता आकडा आहे."

तिने चार ओळी लिहिल्या आणि पत्ते बदलले. मग बाबांच्या नव्या पत्त्याला हाक मारली. एक ओ. पुन्हा मारली. एकच. तिने पैलवानाला सांगितलं, बाबांचा अंगठा बटणावर ठेव. टेबलावर लाल दिवा लागला, बेल खणखणीत वाजली, आणि ओळीत बाबांच्या खोलीचं नाव आलं. सिस्टरांनी टाळी वाजवली. तिचे डोळे भरून आले. परत आल्यापासून आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो असं तिला आज पहिल्यांदा वाटलं.

मग टेबलाच्या कॉम्प्युटरवरून तिने जुन्या पत्त्याला, म्हणजे स्वतःलाच, एक हाक मारली. दोन ओ आल्या. येणारच होत्या. तिने लॅपटॉप बंद केला, वायर गुंडाळली, पिशवीत ठेवला.

आणखी एकदा हाक मारून बघायचं तिला सुचलं नाही.

७

तोंडावर पाणी मारायला ती बेसिनपाशी गेली. परत येताना कॉरिडॉरच्या मध्यावर, त्या खिळ्याच्या भिंतीपाशी, ती क्षणभर टेकली. संध्याकाळ झाली होती. खिडक्यांमधून राखेच्या रंगाचा उजेड येत होता. एका टोकाला टेबल, दुसऱ्या टोकाला बाबांची खोली.

"ताई!" टेबलाकडून सिस्टरांची हाक आली. "अहो ताई, चहा आला!"

आधी ओ द्यायची, मग यायचं. तिने तोंड उघडलं.

"ओ!"

आवाज बाबांच्या खोलीतून आला. फार लवकर आला. आवाज तिचा होता.

"ओ," ती म्हणाली. पण ते मागून आलं होतं, दबकत, आणि तिचं तिलाच नीट ऐकू आलं नाही.

सिस्टर दोन कप घेऊन कॉरिडॉरमधून आल्या. तिच्या इतक्या जवळून गेल्या की पदर तिच्या हाताला लागला. "सिस्टर," ती म्हणाली. सिस्टर पुढे गेल्या. बाबांच्या दारात पैलवान उभा होता. त्याने हसून वाट दिली आणि बादली उचलून तोही तिच्या बाजूने निघून गेला, भिंतीकडे बघावं तसा तिच्याकडे बघत.

"इथे बसलात होय?" खोलीतून सिस्टरांचा आवाज. "दमलात आज. घ्या, गरम आहे तोवर."

कुणीतरी हलकं हसलं.

ती दारापर्यंत गेली. दार अर्धं लोटलेलं होतं. फटीतून खुर्चीची पाठ दिसली, राखाडी स्वेटर दिसला. आता तो कुणाच्या तरी अंगात होता. एक हात पुढे झाला आणि बाबांच्या तोंडाचा कोपरा पुसू लागला. पुसणं बरोबर होतं. फक्त हात थांबत नव्हता.

बाबा त्या हाताकडे बघत नव्हते. त्यांची नजर दाराच्या फटीवर होती, सरळ तिच्या डोळ्यांत. झटक्यानंतर तिने ते डोळे इतके मोठे झालेले कधी पाहिले नव्हते.

अंगठा खाली गेला.

दूर टेबलावर बेल वाजली. सिस्टर दचकल्या. "कुणाची हो?"

"बाबांचीच," खुर्चीतून तिचा आवाज म्हणाला. "अंगठा पडला असेल चुकून. बसा तुम्ही. मी आहे ना."

"हो, तेही खरंच," सिस्टर म्हणाल्या, आणि बशी वाजली.

"सिस्टर!" ती ओरडली. "बाबा!"

अंगठा दाबतच होता, दाबतच होता. रिकाम्या टेबलावर लाल दिवा लागला होता आणि बेल वाजत होती. स्पष्ट, खणखणीत, बरोबर खोलीचं नाव दाखवत. तिने बसवलेली बेल अगदी नीट चालत होती.